आतोबांनी मागाहून विकलेलं सामान

माणूस गेला की त्याचे सगळे व्यवहार संपतात, असं दहाव्याच्या दिवशी गुरुजींनी आम्हाला खाडीकाठी समजावून सांगितलं. देणं संपतं, घेणं संपतं, मागे नाव तेवढं उरतं. गुरुजींचा आवाज खर्जातला होता आणि पाठीमागून वारा येत होता, त्यामुळे ते सगळ्यांनाच पटलं. आतोबांचे व्यवहार त्यानंतर दोन महिन्यांत सुरू झाले.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. डोंबिवली पूर्वेला, औद्योगिक वसाहतीच्या थोडं अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर दोघं राहायचे. वारा कुठून वाहतोय हे तिथे खिडकी न उघडताही कळतं. मूलबाळ नव्हतं. आतोबा एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना घरातल्या जुन्या वस्तू ऑनलाइन विकायचा नाद लागला. एका साइटवर त्यांनी पॅन क्रमांक वगैरे देऊन विक्रेता म्हणून रीतसर नोंदणी केली होती. वस्तू बघायला गिऱ्हाईक घरी यायचं, पैसे मात्र साइटवर भरायचे आणि तिथून ते आतोबा-आत्याच्या जोडखात्यात यायचे. आतोबा मिक्सरचा फोटोसुद्धा पांढऱ्या चादरीवर ठेवून काढायचे आणि जाहिरातीत आधी वस्तूतली खोट लिहायचे. खोट वाचून लोक घाबरायचे. त्यामुळे त्यांच्या हयातीत फारसं काही विकलं गेलं नाही.

आत्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ‘हे’ म्हणतात. आत्या त्याच्या पुढे गेली होती. तिला जे नको असायचं ते सगळं ‘ह्यांना’ नको असायचं. सोसायटीच्या पूजेची वर्गणी जास्त वाटली, की “हे नको म्हणतात.” शेजारणींबरोबर सहलीला जायचं नसलं, की “ह्यांना चालायचं नाही.” माझ्या आईने एकदा मोठा कुकर मागितला, तर “कुकर घराबाहेर जाऊ नये म्हणतात हे.” या मतांपैकी बहुतेकांचा आतोबांना पत्ताही नसायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना जरा फुरंगटून विचारलं, “तुम्हाला हे स्थळ पसंत नाही म्हणे?” आतोबा म्हणाले, “असेल. घरी विचारून सांगतो.”

मी ठाण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि दर जुलैत सगळ्या नातेवाइकांची आयकर विवरणपत्रं भरून देते. आमच्या घराण्यात माझी कीर्ती तेवढ्यापुरतीच आहे. आतोबा भाद्रपदात गेले, तेव्हा पुढच्या जुलैत त्यांचं शेवटचं विवरणपत्र भरायचं कामही माझ्याकडे आलं. माणूस गेला तरी त्या वर्षीचं विवरणपत्र वारसाने भरावं लागतं. गुरुजींना हा नियम ठाऊक नसावा.

आयकर खात्याच्या पोर्टलवर प्रत्येकाच्या नावाने वर्षभराची माहिती जमा झालेली असते. बँकेचं व्याज, पेन्शन, असं काय काय. आतोबांच्या पानावर व्याज होतं, पेन्शन होती, आणि खाली विक्री होती. विक्रीच्या तारखा बघून मी चहाचा कप बाजूला ठेवला. रेडिओ दिवाळीनंतर विकला गेला होता. सायकल मार्गशीर्षात. संक्रांतीच्या सुमारास पुस्तकांचं कपाट आणि त्याच आठवड्यात चालायची काठी. हयातीत ज्यांना एक मिक्सर खपवता आला नव्हता, त्यांचा जाऊन चार महिने होताहेत तोवर चांगला जम बसला होता.

मला वाटलं, खातं कुणीतरी चोरलंय. म्हणून त्या साइटवर जाऊन त्यांचं पान पाहिलं. गिऱ्हाइकांनी तारे दिले होते, खाली अभिप्राय लिहिले होते. ‘काका प्रामाणिक आहेत.’ ‘सांगितली तशीच वस्तू मिळाली.’ माघ महिन्यात कुणीतरी लिहिलं होतं, ‘काका फार शांत स्वभावाचे.’

पुढच्या रविवारी दुपारी मी डोंबिवलीला गेले. आत्याने दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

“हळू बोल. गिऱ्हाईक यायचंय.”

बाहेरच्या खोलीत सामान जवळजवळ उरलं नव्हतं. जिथे कपाट होतं, शोकेस होतं, तिथे भिंतीचा मूळ रंग ताजा राहिला होता, त्यामुळे ती कपाटं अजून असल्यासारखी वाटत होती, फक्त पातळ झाल्यासारखी. खोलीत लिहायचं टेबल होतं आणि एक चटई. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. आत पंखा चालू होता.

मी काही विचारायच्या आत बेल वाजली. पंचविशीतलं जोडपं होतं. चपला काढून आत आले.

“काकू, आम्ही आंबिवलीवरून आलोय. टेबल बघायचं होतं,” तो म्हणाला. “काकांशी बोलणं झालेलं.”

“या ना. हे आत पडलेत जरा. बरं नसतं हल्ली.”

“राहू दे, उठवू नका त्यांना,” त्याची बायको म्हणाली आणि एकदम कुजबुजायला लागली. मग सगळेच कुजबुजायला लागलो. मीसुद्धा.

त्याने टेबल हलवून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. “काकू, दोनशे कमी करा ना. टेम्पोवाला किती घेतोय माहितीये का?”

“मला नाही हो कळत त्यातलं. ह्यांना विचारून येते.”

आत्या आत गेली. तिच्या बोलण्याची कुजबूज ऐकू आली. मग ती थांबली. मग, समोरच्याने उत्तर द्यायला जेवढा वेळ घ्यावा, बरोबर तेवढी शांतता झाली. आतोबांच्या अस्थी मी स्वतः खाडीत सोडताना पाहिल्या होत्या. हे मला पूर्णपणे आठवत होतं. तरी मी पाय जवळ घेतले आणि ओढणी सारखी केली.

आत्या बाहेर आली. “शंभर कमी करतात म्हणे. त्याखाली नाही.”

मुलगा आतल्या दाराच्या दिशेने वाकून म्हणाला, “थँक्यू हां काका.” आणि उत्तराची वाट बघत तसाच उभा राहिला. पंख्याचा आवाज तेवढा आला.

“ऐकू कमी येतं त्यांना,” आत्या म्हणाली. आतोबांना शेवटपर्यंत उत्तम ऐकू यायचं.

मग त्या मुलाने एक गोष्ट केली. टेबलाच्या उजव्या खणाखाली त्याने तळवा घातला, खण थोडा वर उचलला आणि ओढला. खण अलगद बाहेर आला. आत काही नव्हतं, फक्त खूप दिवस बंद असलेल्या लाकडाचा वास.

“काका म्हणालेले, असा उचलून ओढायचा, नाहीतर अडकतो,” त्याने बायकोला दाखवलं.

ते दोघं टेबल घेऊन खाली उतरले. मग मी विचारलं, “खणाचं तू कळवलंस त्यांना?”

“नाही गं.” आत्या अजून त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. “मला कुठे माहीत? तो खण माझ्याच्याने कधी उघडलाच नाही. मला वाटायचं, कुलूप आहे त्याला.”

याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. आतोबांनी जिवंतपणी कुठेतरी लिहून ठेवलं असेल, असं मी स्वतःला सांगते. त्या टेबलाची जाहिरात मी नंतर वाचली. त्यात खणाचा उल्लेख नाही.

बाकीचं आत्याने न लाजता सांगितलं. आतोबांचा फोन तिच्याकडे होता. जाहिराती ती टाकायची, गिऱ्हाइकांना उत्तरं तीच लिहायची, पण त्यांच्या वतीने.

“अगं, गेलेल्या माणसाचं सामान म्हटलं की लोक हात लावत नाहीत. दान दे म्हणतात. मी सगळं घर दान देऊ? आणि बाई एकटी आहे असं कळलं की माणसं दारात उभं राहून बोलत नाहीत. सरळ आत शिरतात. हे आहेत म्हटलं की कशी हळू बोलतात बघितलंस ना?”

“ते कळलं. पण तू आत जाऊन काय करतेस?”

“विचारते.”

“कुणाला?”

तिने माझ्याकडे, शिकून फुकट गेलेल्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. “भाव ह्यांना विचारल्याशिवाय कसा सांगणार?”

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आत्याचाही नाही. दहाव्याला कावळा बराच वेळ शिवला नाही तेव्हा “त्याचं पोट भरलेलं असेल,” असं म्हणणारी ती एकटीच होती. म्हणून मला जास्त भीती वाटली.

ठाण्याला कोर्टाजवळ एका कर सल्लागारांचं ऑफिस आहे. त्यांच्याकडे गेले. त्यांच्या खुर्चीची पाठ त्यांच्या डोक्याच्या बरीच वर जाते, आणि पाठीमागच्या भिंतीवर न्यायाचा तराजू टांगलेला आहे, पितळी. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटले.

“मयत व्यक्तीला व्यापार करता येत नाही,” ते म्हणाले.

“हे करताहेत.”

“कैलासवासी करदात्यांचं उत्पन्न मृत्यूच्या क्षणी थांबतं. त्यानंतरचं सगळं वारसाचं.” त्यांनी डोळे उघडले. “पोर्टल प्रत्येक नोंदीपुढे विचारेल. माहिती बरोबर आहे का, चूक आहे का, दुसऱ्या कुणाच्या पॅनची आहे का. तिथे काय ते उत्तर द्यायचं.”

“‘हे गृहस्थ वारलेले आहेत’ असा पर्याय आहे?”

“नाही. भाद्रपदानंतरच्या नोंदींपुढे ‘दुसऱ्या पॅनची’ असं म्हणायचं आणि तुमच्या आत्यांचा पॅन द्यायचा. पण परस्पर लिहू नका. विकणारा कोण, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे. हा कायद्याचा प्रश्न नाही, सत्याचा आहे.” त्यानंतर ते नागरिकाच्या कर्तव्याबद्दल बोलले. साइटवरचं खातं बंद करायचं, हेही सांगितलं. तराजूचं एक पारडं पंख्याच्या वाऱ्याने हलत होतं.

रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की ते सोपं काम सांगत नव्हते. आत्याला एवढंच म्हणायचं होतं, की विकलं ते मी. पण ते म्हटलं की आतल्या खोलीत कुणी नव्हतं असं होणार होतं. रेडिओ विकला तेव्हाही नव्हतं, काठी विकली तेव्हाही नव्हतं. लग्न झाल्यापासून तिने एकटीने कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं, आणि आता तिला त्या घरात एकटीने राहायचं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी चटईवर बसलो. मधे लॅपटॉप. वाऱ्याची दिशा वाईट होती म्हणून खिडक्या बंद. आतलं दार तसंच अर्धं लोटलेलं, पंखा चालू. आत आता फक्त आतोबांचा पलंग उरला होता. त्याचीही जाहिरात लागलेली होती.

मी एकेक नोंद वाचायला लागले.

“रेडिओ.”

“ह्यांनी विकला.”

“आत्या, दिवाळीनंतर विकलाय तो.”

“हो. ह्यांनीच.”

“सायकल?”

“ती पण.”

“काठी?”

“काठी विकायचं माझ्या मनात नव्हतं. मी ठेवणार होते. हे म्हणाले, देऊन टाक.”

मी लॅपटॉप थोडा लांब सरकवला. “मग मी काय लिहू?”

“ह्यांचं नाव आहे ना तिथे? मग असू दे. कोण बघायला बसलंय?”

“पोर्टल बघतं.”

“बघू दे. ह्यांनी कधी चोरी नाही केली.”

“आत्या, पुढे ते ह्यांच्या नावाने पत्र पाठवतील. खुलासा मागतील. तो कोण देणार?”

याच्यावर तिने बराच विचार केला. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. “थांब. विचारून येते.”

ती आत गेली आणि या वेळी तिने दार पूर्ण लोटून घेतलं. तिची कुजबूज ऐकू आली. नेहमीपेक्षा जास्त वेळ. सगळं पहिल्यापासून सांगत असावी, पोर्टल म्हणजे काय तेही. मग ती थांबली आणि शांतता सुरू झाली. टेबलाच्या वेळी झाली होती तेवढी झाली, आणि तिथे संपली नाही. मी ऐकत होते. आत्याचा आवाज नव्हे, हे थोड्या वेळाने माझं मलाच कळलं. पोर्टलने पडद्यावर विचारलं, तुम्ही अजून आहात का? नसल्यास तुम्हाला बाहेर काढण्यात येईल. मी ‘आहे’ वर बोट दाबलं. खाली रस्त्यावर कुणीतरी भंगार मागत चाललं होतं. पोर्टलने पुन्हा विचारलं. मी पुन्हा दाबलं.

आत बटण बंद झाल्याचा आवाज आला. पंखा हळूहळू थांबला. तो थांबल्यावर घर केवढं रिकामं आहे ते कळलं.

आत्या बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

“काही म्हणत नाहीत,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे काही म्हणत नाहीत. आजपर्यंत असं झालं नव्हतं.”

ती येऊन बसली. दहाव्याला ती रडली नव्हती, आताही रडली नाही. चटईची एक काडी सुटली होती, ती मोडत राहिली. अशा वेळी बोलायची वाक्यं मी पुष्कळ वाचलेली आहेत, त्यातलं एकही तिच्यासमोर म्हणण्यासारखं नव्हतं.

“माझं लिही,” ती शेवटी म्हणाली.

“सगळं?”

“सगळं. काठीसुद्धा मीच विकली म्हण.”

मी विक्रीच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘दुसऱ्या पॅनची’ असं नोंदवलं आणि आत्याचा पॅन घातला. मग साइटवरचं आतोबांचं खातं बंद केलं, त्यांचा फोन बंद केला आणि तो माझ्या पर्समध्ये टाकला. आत्याने तो देताना पदराने पुसला.

त्यानंतरच्या शनिवारी मी तिला मुद्दाम भेटायला गेले. तिने आतलं दार सताड उघडं ठेवलं होतं. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात बेल वाजली. खडकपाड्याहून एक माणूस आला होता, पन्नाशीचा, हातात मोजायची टेप.

“पलंगासाठी आलोय. काका आहेत का?”

आत्याने दाराची कडी धरली होती. “नाहीत,” ती म्हणाली. “वारले. मी आहे.”

त्या माणसाने आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. “काहीतरीच काय बोलताय वहिनी. परवा बोललोय मी त्यांच्याशी.”

आतोबांचा फोन माझ्या पर्समध्ये होता. आठवडाभर बंद. मी तो उघडून पाहिलाही नव्हता. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी नकारार्थी मान हलवली. मग तिने त्या माणसाला विचारलं, अगदी साध्या आवाजात, “काय म्हणाले?”

“भावाचं विचारलं मी. तर म्हणाले, ती सांगेल तो.”

जिन्यात कुणाचा तरी कुकर शिटी देत होता. मी त्याला त्याचा फोन दाखवायला सांगू शकले असते. संशयी माणसाने तेच करायला हवं होतं. मी चहाचे कप उचलले आणि आत नेऊन ठेवले, आणि ते धुतले, आणि पुसलेही.

मी बाहेर आले तेव्हा आत्याचा भाव सांगून झाला होता.

“जाहिरातीत पंधराशे होते, वहिनी,” तो माणूस म्हणत होता.

“ते ह्यांचे. माझे दोन हजार.”

“थोडं बघा ना. वारलेल्या माणसाचा पलंग म्हणताय, वर भाव वाढवताय.”

“नको असेल तर राहू दे. मी झोपेन त्याच्यावर.”

त्याने पलंग नेला. दोन हजारांनाच नेला, आणि पैसे आत्याच्या हातात दिले.

सोमवारी मी ठाण्याच्या सल्लागारांना फोन केला आणि विचारलं, की आता आत्याच्या नावावर हे सगळं आलं आहे, पलंग धरून, तर कर किती भरायचा. त्यांनी सांगितलं, काहीच नाही. घरात वापरलेलं फर्निचर, कपडे, भांडी विकून आलेल्या पैशावर आपल्याकडे कर लागत नाही. दागिने किंवा चित्रं असती तर लागला असता. हे त्या दिवशीच का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुम्ही विकणारा कोण ते विचारलं होतं. आतोबांच्या नावावर असतं तरी शून्यच आला असता.